‘वायू घातलं’ : मेंदू, नेणीव आणि आपण मराठीचे प्राध्यापक

गेल्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका महाविद्यालयात साहित्य आणि मन या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. दुपारच्या सत्रात एका तरुण सहकाऱ्याने निबंध वाचला. त्याचे प्रतिपादन असे, की मेंदूचे काम चालू असताना त्याचे चित्र घेता येऊ लागल्यापासून फ्रॉइड कालबाह्य झाला. मन म्हणजे मेंदू, बाकीचे सगळे कवित्व. त्यावर एक ज्येष्ठ समीक्षक उठले. साहित्य स्वायत्त असते, मज्जापेशींशी त्याचा काडीचा संबंध नाही, मेंदूचे काय ते डॉक्टरांनी पाहावे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. सभागृहाने निबंधाला टाळ्या दिल्या आणि त्याच्या खंडनालाही तितक्याच दिल्या. मग चहा झाला.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. त्यांची मते वरकरणी परस्परविरोधी असली, तरी एका बाबतीत त्यांचे संपूर्ण मतैक्य होते. माणूस बोलतो, ही गोष्ट दोघांनाही गौण वाटत होती. पहिल्याच्या लेखी बोलणे म्हणजे मेंदूतल्या घडामोडींवर उठणारा धूर. दुसऱ्याच्या लेखी जे छापले गेले, संपादित झाले आणि पुठ्ठ्यात बांधले गेले तेवढेच बोलणे. बाकीचा नुसता गलबला. मनोविश्लेषण, भाषाविचार आणि मेंदूविज्ञान यांचा सांधा जुळवण्याची भाषा अलीकडे आपल्याकडे वारंवार ऐकू येते. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द तर आता निमंत्रणपत्रिकेवरच छापलेला असतो. माझे म्हणणे इतकेच, की तो सांधा सिद्धांतांच्या बेरजेत सापडणार नाही. तो आजारी माणसाच्या तोंडून निघालेल्या वाक्यात आहे. ते वाक्य मराठीत असेल, तर ते नीट ऐकण्याची पहिली जबाबदारी मराठी शिकवणाऱ्यांची आहे आणि ती आपण पार पाडलेली नाही. मीही नाही. म्हणून आधी माझाच प्रमाद सांगतो.

माझी आत्या खामगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहत असे. २००९ च्या एप्रिलमध्ये गच्चीवर, खाटेवर धोतर अंथरून कुरडया घालता घालता ती कोसळली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वाचा गेली असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात एक वाक्य उरले होते. ‘वायू घातलं.’ पाणी हवे असले तरी ‘वायू घातलं’, पाठ अवघडली तरी ‘वायू घातलं’, नातू उशाशी येऊन बसला तरी तेच. जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला नेले. मेंदूचे चित्र निघाले, डाव्या अर्धगोलातला डाग आम्हांला दाखवला गेला. निदान अचूक होते, औषधेही योग्य होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. तिथल्या डॉक्टरांना वऱ्हाडी येत नव्हती. त्यांनी ‘वायू’ ऐकले. अर्धांगवायू हा शब्द त्यांना ठाऊक होता. बाई आपल्या आजाराचे नाव घेते आहे, असा त्यांचा समज झाला. मग कोणत्याही प्रश्नाला तेच उत्तर येते असे दिसल्यावर केसपेपरवर ‘असंबद्ध बोलणे’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द पडले आणि तो विषय संपला. भाषा गेली आहे, आता त्यात अर्थ शोधत बसू नका, असे आम्हांला समजुतीच्या सुरात सांगण्यात आले.

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, हे आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि वाळू घालणे ते वायू घालणे. आत्या वारा म्हणत नव्हती की आजाराचे नाव घेत नव्हती. कुरडया उन्हात वाळत घातल्या आहेत, एवढेच ते वाक्य होते. बहुधा जिन्याखाली उभ्या असलेल्या कुणाला तरी सांगायचे असलेले, किंवा नुकतेच सांगून झालेले.

पुढे काही वर्षांनी ही हकीकत मी मनोविश्लेषणात बुडालेल्या एका मित्राला सांगितली, तेव्हा त्याचे डोळे लकाकले. वायू म्हणजे प्राण, वाळणे म्हणजे आटणे, वैधव्य, देहाची अनावृष्टी. चहा संपायच्या आत त्याचा अर्धा निबंध तयार झाला होता. मी त्याला म्हटले, बाबा रे, हा ध्वनिबदल आहे. हा श्लेष आत्याच्या नेणिवेने केलेला नाही, तुझ्या प्रमाण मराठीने केला आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरची चूक आणि या मित्राची चूक एकच होती. एकाने बोली न कळल्यामुळे अर्थ नाकारला, दुसऱ्याने ती न विचारताच अर्थ लादला.

घरात ते वाक्य कळणारी एकच व्यक्ती होती. माझ्या आतेभावाची बायको, सातवी शिकलेली. मी भेटायला गेलो की आत्या काहीतरी म्हणे आणि वहिनी उठून नेमकी ती वस्तू आणून देत. मी विचारले, तुम्हांला कसे समजते? त्या म्हणाल्या, ‘‘मले समजते नं भाऊजी. वायू घातलं असं तोडून म्हनलं का पानी पाह्यजे. वढून म्हनलं का कूस बदलून द्या. अन् हयूहयू म्हनलं का नुसतं जवय बसा.’’ मी त्या वेळी नोकरीत चौथ्या वर्षाला होतो. काव्यशास्त्राच्या तासाला काकू शिकवत होतो. सुराच्या फेराने त्याच शब्दांचा अर्थ कसा पालटतो, हे फळ्यावर लिहून देत होतो. खाटेवर चौदा महिने काकूचा इतका शुद्ध वस्तुपाठ चालू होता आणि मी एक ओळही टिपून ठेवली नाही. मलाही ते ‘असंबद्ध’च वाटले असावे.

या प्रसंगाचा उलगडा मला १८९१ साली निघालेल्या एका पुस्तकाने केला. लेखक सिग्मंड फ्रॉइड, वय पस्तीस, व्यवसाय मज्जातंतूंचे विकार पाहणे. विषय वाचाघात. मनोविश्लेषण हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता. आपल्या समीक्षेच्या पाठ्यपुस्तकांत फ्रॉइड एकदम स्वप्ने आणि ईडिपस घेऊन अवतरतो. त्याची पहिली दहा-पंधरा वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली आणि मेंदूच्या रुग्णांजवळ गेली, याचा तिथे पत्ता नसतो. त्यामुळे फ्रॉइड म्हणजे मेंदूचा प्रतिपक्ष, असा समज विद्यार्थी घेऊन बाहेर पडतात.

त्या काळचा प्रश्न असा होता. १८६१ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण वारला. त्याला ‘तां’ एवढेच बोलता येई आणि सारे त्याला तांच म्हणत. पॉल ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली आणि वाचेची जागा सापडली असे जाहीर झाले. १८७४ मध्ये व्हेर्निकेने भाषा समजण्याची दुसरी जागा दाखवली. मग मेंदूवर गावे आणि रस्ते काढल्यासारखे नकाशे निघू लागले. फ्रॉइडने या नकाशांवरच हल्ला केला. भाषा एका कोपऱ्यात साठवलेली नसते. ऐकलेले, पाहिलेले, उच्चारलेले, लिहिलेले यांच्या सहचर्यातून एक अखंड यंत्रणा उभी राहते आणि इजा झाल्यावर ती यंत्रणा आपल्या परीने नव्याने जुळवाजुळव करते, असे त्याचे म्हणणे होते.

पण मला थांबवले ते त्यातल्या एका लहानशा परिच्छेदाने. इंग्रज मज्जाविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन याने वाचा गेलेल्या रुग्णांच्या तोंडी उरलेल्या एकेका वाक्याची नोंद केली होती. ग्रंथांची सूची करण्याचे अतिश्रमाचे काम संपवून कोसळलेल्या एका माणसाजवळ ‘यादी पूर्ण’ अशा अर्थाचे दोनच शब्द उरले होते. फ्रॉइड म्हणतो, हे अवशेष म्हणजे यंत्रणा बिघडण्याच्या क्षणी घडत असलेले शेवटचे बोलणे असावे. आणि पुढे, विज्ञानाच्या पुस्तकात तेव्हा कुणी करत नसे असे काहीतरी तो करतो: स्वतःची आठवण सांगतो. जिवावर बेतलेल्या प्रसंगी आपल्याला शब्द कानात कुणी ओरडावेत तसे ऐकू आले आणि कागदावर छापल्यासारखे दिसलेही. मेंदूतली इजा खरी आहे हे तो नाकारत नाही. पण उरलेले वाक्य कोणते उरले, हे इजा ठरवत नाही. ते त्या माणसाच्या त्या दिवसाने ठरवले आहे. डागाच्या चित्रात कुरडया दिसत नाहीत.

मनोविश्लेषणाची सुरुवातच भाषा हरवण्याच्या घटनेतून झाली, हेही आपण शिकवत नाही. ब्रॉयरकडे १८८० पासून उपचार घेणारी ती प्रसिद्ध तरुणी, ‘ॲना ओ.’ या नावाने नोंदलेली, काही काळ आपली मातृभाषा जर्मन गमावून बसली होती आणि फक्त इंग्रजीत बोलत होती. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिने स्वतःच दिले आणि म्हणूनच इंग्रजीत दिले. जर्मन वैद्यकाच्या ग्रंथात ते इंग्रजी शब्द तसेच राहिले.

त्यानंतरचे एक पाऊल भाषेच्या अभ्यासकाने विशेष जपून पाहण्यासारखे आहे. १८९३ च्या एका फ्रेंच निबंधात फ्रॉइडने खरा पक्षाघात आणि उन्मादातला पक्षाघात यांतला फरक मांडला. खऱ्या पक्षाघातात दुर्बलता मज्जामार्गांच्या वाटेने पसरते. उन्मादातला लुळा हात मात्र बाही जिथे सुरू होते तिथपर्यंत लुळा असतो. म्हणजे शरीरशास्त्रातला हात नव्हे, तर रोजच्या बोलण्यातला हात. हा आजार शरीराचे विभाग शब्दकोशातून घेतो. तिन्ही विद्या इथे एकाच अवयवावर येऊन उभ्या राहतात: मज्जामार्ग माहीत नसेल तर दोन पक्षाघातांतला फरक कळणार नाही, ‘हात’ या शब्दाची व्याप्ती माहीत नसेल तर लक्षण वाचता येणार नाही, आणि ते लक्षण याच व्यक्तीला का, हा प्रश्न उरतोच.

आता हाच विचार मराठीत करून पाहा. आपली माणसे म्हणतात, जीव खालीवर होतो. काळजात धस्स झाले. अंगाची लाही होते. पोटात कालवाकालव होते. यांतला ‘जीव’ कोणत्या अवयवात आहे? दवाखान्यातल्या प्रश्नावलीत त्याला रकाना नाही. तिथे ‘घबराट’ आणि ‘निद्रानाश’ आहेत, म्हणजे दुसऱ्या भाषेतून केलेले तर्जुमे आहेत. मातृभाषा आणि नंतर शिकलेली भाषा शरीरावर सारखा परिणाम करत नाहीत, हे आता नुसते भावनिक विधान राहिलेले नाही. २००३ मध्ये कॅथरीन हॅरिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेची विद्युत्संवाहकता मोजली. लहानपणी खाल्लेल्या रागावणीची वाक्ये तुर्कीत ऐकताना तिच्यात अधिक वाढ झाली. ज्या भाषेत आई रागावली, त्या भाषेला तळहाताचा घाम ओळखतो. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमनच्या गटाने दाखवले, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव देताना मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. बोलण्याचा उपचार म्हणतात तो हाच, असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. पण नाव कोणत्या भाषेत दिले, हा प्रश्न त्या प्रयोगाला विचारण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो आपण विचारत नाही.

आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात रोमान याकोबसन असतो. निवड आणि जुळणी हे दोन अक्ष, रूपक आणि अजहल्लक्षणा की सन्निधिमूलक लक्षणा, यावर आपण तासन्‌तास घालवतो. हे विवेचन मूळ कुठले? १९५६ च्या निबंधाचे शीर्षकच सांगते, की ते भाषेच्या दोन अंगांविषयी आणि वाचाघाताच्या दोन प्रकारांविषयी आहे. एका प्रकारच्या रुग्णाला समानधर्मी शब्द निवडता येत नाही. तो सुरीला काटा म्हणतो, दिव्याला टेबल म्हणतो, म्हणजे शेजारच्या वस्तूवर घसरतो. दुसऱ्याला शब्द सापडतात, पण त्यांची साखळी जमत नाही. गंगेवर वसलेली गवळ्यांची वस्ती म्हणजे गंगेच्या काठावरची, हे लक्षणेचे आपले परंपरागत उदाहरण. तीही शेजारावर घसरलेली भाषाच. मेंदूला इजा झालेल्या माणसांच्या चुकांतून उभा राहिलेला सिद्धांत आपण निव्वळ अलंकारशास्त्र म्हणून शिकवतो. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, लाकाँने हे दोन अक्ष उचलले आणि फ्रॉइडच्या स्वप्नविचारातल्या संक्षेपण व विस्थापन या क्रियांवर बसवले. आपल्या प्रबंधांत लाकाँ येतो तो वाचाघाताचे रुग्ण वगळून. लक्षण आणि लक्षणा हे दोन शब्द मराठीत इतके जवळ राहत असताना आपल्याला त्यांची शेजारीण ओळखू येऊ नये, हे नवल आहे.

तरुण सहकाऱ्याकडे वळतो. मेंदूची जी रंगीत चित्रे पाहून तो हरखला आहे, ती विचारांची छायाचित्रे नव्हेत. तिथे मोजला जातो तो रक्तातल्या प्राणवायूचा बदल, तोही काही सेकंदांच्या उशिराने, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात काही लाख पेशी असतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका गटाने या यंत्रात मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि संख्याशास्त्रीय दक्षता न घेतल्यास त्याच्या मेंदूतही ‘प्रतिसाद’ उजळतो हे दाखवून दिले. यंत्र खोटे आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते, माझेही नाही. या शास्त्राने खरोखर मोलाचे जे दिले आहे, त्यातले काही तर आपल्या दाराशी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या अभ्यासांतून देवनागरी वाचताना डाव्या अर्धगोलाबरोबर उजव्याचाही सहभाग दिसला; उच्चारात नंतर येणारी वेलांटी लिहिण्यात आधी येते, अशा लिपीकडून हे अपेक्षितही होते. हैदराबादच्या निम्स संस्थेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण पाहिले आणि दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा होते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. निरक्षरांतही हा फरक दिसला. भाषा मेंदूवर काम करते याचा याहून ठळक दाखला कोणता हवा? पण ‘मन म्हणजे मेंदू’ या घोषणेत हे बसत नाही, कारण इथे बाजारात तेलुगू आणि घरी दख्खनी बोलणारा माणूस मधे येतो.

ज्येष्ठ समीक्षकांना एक शब्द आठवून द्यायचा आहे. अबोध, अचेतन हे संस्कृत प्रतिशब्द आपण घडवले; नेणीव मात्र संतांच्या मराठीतून आयतीच आली, जाणिवेची जोडीदार म्हणून. ती ‘नेणणे’ या क्रियापदावरून आली आहे. न जाणणे हे मराठीत नुसता अभाव नाही, ते करता येते. १९१४ मध्ये बाबिन्स्कीने ज्या विकाराला नाव दिले त्यात, बहुधा उजव्या अर्धगोलाच्या इजेनंतर, डावा हात लुळा पडलेला रुग्ण हात ठीक आहे असे शांतपणे सांगतो. उचलून दाखवा म्हटले तर आत्ता नको, सांधा दुखतो म्हणतो. कधी तो हात दुसऱ्या कुणाचा आहे असेही सांगतो. हा रुग्ण खोटे बोलत नाही. त्याला माहीत नाही असेही नेमके म्हणता येत नाही. तो नेणतो. मेंदूची विशिष्ट इजा, फ्रॉइडच्या निरोधनाची आठवण करून देणारी सारवासारव आणि तिला नेमके पकडणारे एक जुने मराठी क्रियापद. साहित्याची स्वायत्तता जपण्यासाठी हे क्रियापद डॉक्टरांच्या हवाली करायचे, की डॉक्टरांना ते द्यायला आपण जायचे?

(जाता जाता: शार्कोच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या ज्या चित्रात उन्मादाची रुग्ण बेशुद्ध होऊन मागे कलते आहे, तिला सावरणारा तरुण हा बाबिन्स्कीच. त्या चित्राची प्रत फ्रॉइडच्या उपचारकक्षात लावलेली असे. ही माणसे एकाच घरातली होती. भिंती नंतर उभ्या राहिल्या.)

भिंती पाडण्याचा प्रयत्न अलीकडे झाला आहे. एरिक कँडेलने १९९८ आणि १९९९ मध्ये मनोविश्लेषणाला जीवशास्त्राचा आधार हवा असे आवर्जून लिहिले. मार्क सोम्स या दक्षिण आफ्रिकी मेंदूतज्ज्ञाने, जो स्वतः मनोविश्लेषकही आहे, या दोन विद्यांच्या संयुक्त अभ्यासाची नियतकालिकासह चळवळच उभी केली. स्वप्न पडणे आणि झोपेतली डोळ्यांची जलद हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; हालचालीचे केंद्र शाबूत असूनही मेंदूच्या पुढच्या भागातले विशिष्ट तंतू तुटले तर स्वप्ने थांबतात, हे त्याने रुग्णांवरून दाखवले. त्या तंतूंचा संबंध ओढीशी, हवेसे वाटण्याशी आहे. फ्रॉइडच्या इच्छापूर्तीला हा मोठाच आधार. मी ते आदराने वाचतो. तरी माझी तक्रार आहे. या चळवळीचा सारा भर भावनेवर आणि मेंदूच्या देठावर आहे. भाषा तिथे उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसते. ज्याने वाचाघातापासून सुरुवात केली त्याच्या वारसांनी वाचाच मागे टाकावी, हे मला पटत नाही. १९१५ मध्ये, मनोविश्लेषण पुरते बहरल्यावरही, फ्रॉइड नेणिवेवरच्या निबंधात पुन्हा त्याच जुन्या जोडीकडे वळला होता: वस्तूची प्रतिमा एकटी असेल तोवर ती नेणिवेत, तिला शब्दाची प्रतिमा येऊन जुळली की ती जाणिवेच्या आवाक्यात. हा पूल त्याने स्वतःच बांधून ठेवला आहे.

आता सैलानी. आपल्या जिल्ह्यात मनाच्या आजारावर लिहायचे आणि पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्याचे नाव घ्यायचे नाही, ही चलाखी होईल. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांची माणसे आपल्या घरचे बिथरलेले माणूस घेऊन येतात. आत्यालाही घरच्यांनी पुढच्या यात्रेत नेले होते. भरदुपारी गच्चीवर बाहेरचे वारे लागले, असे कुणीतरी म्हणाले होते, आणि मोठ्या रुग्णालयाने अर्थ शोधू नका असे सांगितल्यावर जिथे अर्थ शोधतात तिथे ते गेले. मी गेलो नाही. मी पुरोगामी होतो.

सैलानीबद्दल बोलताना आपण दोनच सूर लावतो. एक तर अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे, नाहीतर अलीकडच्या चालीप्रमाणे देशी मानसोपचार म्हणून गौरवणे. दुसऱ्या सुराचा मला जास्त राग येतो. अपस्माराला आणि तीव्र मनोविकाराला औषध लागते. ते उशिरा मिळाले तर माणूस हातचा जातो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मेले. साखळी घालण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, आणि त्या कायद्याची किंमत नरेंद्र दाभोलकरांनी त्याच वर्षी प्राणाने चुकवली. हे विसरून ‘देशी ज्ञान’ असे कुणी म्हणू लागले, की मला तिथून उठावेसे वाटते.

पण झिडकारणाऱ्यांनीही एक सांगावे. सुधीर कक्कर हे फ्रँकफर्टमध्ये प्रशिक्षण घेतलेले मनोविश्लेषक. ते राजस्थानातल्या बालाजीच्या देवळात आणि दिल्लीतल्या एका पिराजवळ जाऊन बसले, भुतांच्या भाषेत कोणती नाती, कोणते अपमान आणि कोणत्या वासना बोलत आहेत ते त्यांनी ऐकले आणि १९८२ मध्ये ग्रंथ लिहिला. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर २००९ मध्ये इंग्रजीत लिहिले. आपल्या मराठी विभागांपैकी कोण गेले? ‘अंगात येणे’, ‘झपाटणे’, ‘लागीर’, ‘बाहेरचे’, ‘धरणे’, ‘सोडणे’: या क्रियापदांचे कर्ते कोण, कर्म कोण? ‘तिच्या अंगात आले’ या वाक्यात कर्ता गाळलेला आहे. सासूसमोर ‘मी’ म्हणून जे वाक्य बोलता येत नाही, ते कर्ता गाळला की बोलता येते. ही व्याकरणाची निरीक्षणे आहेत, मांत्रिकाची नव्हेत. त्यांच्यासाठी यंत्र लागत नाही आणि श्रद्धाही लागत नाही. वही लागते, ऐकलेल्या माणसाची संमती लागते आणि ऐकलेले दुसऱ्या कुणाला नावानिशी सांगायचे नाही एवढे इमान लागते.

आपण काय करतो? मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’मधला संज्ञाप्रवाह शिकवतो, कादंबरी १९४२ ची, तंत्र जॉइसचे, गुण दहा. ‘मानसशास्त्रीय समीक्षा : स्वरूप व मर्यादा’ या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे तेच येते आणि आपण त्याला बरोबरची खूण करतो. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी आहे. एका आयरिश अधिकाऱ्याने कारकुनांकरवी जितके ऐकून घेतले, तितकेही आपण आपल्या घरातल्या आजारी माणसांचे ऐकून घेत नाही. वाचा गेलेल्या माणसाला गाणे, ओवी, मोजदाद, शिवी पुष्कळदा जमते; या गुणावर आधारलेली सुरांतून बोलणे शिकवणारी उपचारपद्धती १९७३ पासून ज्ञात आहे. वऱ्हाडी बाईसाठी ती कोणत्या ओव्यांवर बसवायची, हे अमेरिकेतला वाचोपचारतज्ज्ञ सांगणार नाही. आत्याला दळणाच्या ओव्या येत. ती पडल्यापडल्या त्यांतली एक गुणगुणते, शब्दांसकट, असे वहिनींनी एकदा सहज सांगितले होते. मी ‘अरे वा’ म्हणालो होतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला. ‘वायू घातलं’चे किती सूर होते, आठवतात का, असे विचारले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग तोडून, ओढून, हळू आणि रागाने, असे चार त्यांनी म्हणून दाखवले. आणखीही होते, म्हणाल्या, सात-आठ तरी असतील, पण आता सोळा वर्षे झाली. ओवी कोणती ते तर अजिबात आठवत नाही. आणि मग त्यांनी विचारले, ‘‘तवा काहून नाही विचारलं भाऊजी?’’